अर्ध्यावर उचललेलं शटर

माझ्या हत्यारपेटीच्या झाकणाला
आतून एक बोटभर कॅलेंडर चिकटवलंय.
दोन लिप्यांतलं. मला एकच वाचता येते.
लोहाओळीतला मुर्तजाभाई देतो दरवर्षी,
हातावर दोन वॉशर जास्तीचे ठेवावे तसं.
नऊ चौकोनांभोवती मी पेन्सिल फिरवतो:
एल्बो नाही, टी नाही,
पितळी व्हॉल्व्ह नाही.
दुकान बंद.

निकेश, माझ्या हाताखालचा पोऱ्या, म्हणतो,
"उस्ताद, यायचं दरसाल सरकूनच राह्यते."
सरकते.
मी पाइपाला आटे पाडायला शिकलो
त्या वर्षी हे दिवस जूनमध्ये होते.
मग मागे मागे गेले, कुलरच्या घरघरीत,
मृग बहराच्या संत्र्यांत,
शेकोटीत,
एका वर्षी दिवाळीला घासून,
एका वर्षी मारबतीच्या गर्दीला खेटून,
आणि यंदा पुन्हा जून.
तेहतीस वर्षांचा फेरा.
दिवस फिरून आले,
माझे गुडघे नाही आले.

तर उमाठेकाकांच्या मोरीतला व्हॉल्व्ह गेला
तो नेमका सातव्या चौकोनात.
"फोन लाव ना त्याला," काका म्हणाले,
"ओळखीचा आहे तुझ्या. मिनिटाचं तर काम.
आणि एवढे दिवस दुकान बंद ठेवून
धंदा कसा होते बे यांचा?"

फोन लावला असता तर तो आला असता.
तेच तर.

ते दिवाळीचं वर्ष.
धरमपेठेत पाहुण्यांनी भरलेला बंगला,
जिन्यावरून पाणी,
मालकीणबाई माझ्याकडे बघतायत
जणू मीच टाकी फोडली.
मी लावला फोन.
इतवारीच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो.
मशिदीतून आवाज येत होता,
छातीवर पडणाऱ्या हातांचा,
शेकडो हात, एकच ठोका.
कोणासाठी रडतात ते मला तेव्हा
धड माहीतही नव्हतं.

मुर्तजाभाई बाहेर आला.
पांढरा कुर्ता, सोनेरी काठाची टोपी,
डोळे लाल.
शटर गुडघाभर उचललं, वाकून आत शिरला,
मोबाइलच्या उजेडात चाचपडत
पाऊण इंची घेऊन आला.
"पैसे?"
"आज नाही. आज लिहीत पण नाही मी."
रागावला नाही.
रागावला असता तर बरं झालं असतं.

तो परत वळला तेव्हा दिसलं,
शटरच्या गंजाचा तांबडा पट्टा
त्याच्या पाठीवर,
खांद्यापासून कमरेपर्यंत.
हाक मारायला तोंड उघडलं
आणि काय म्हणून हाक मारू, ते सुचेना.
तो तसाच आत गेला,
त्या सगळ्या पांढऱ्यात.

ऐंशी रुपये. त्याच्या वहीत नाहीत,
माझ्या वहीत आहेत,
दर नव्या वहीत पहिल्या पानावर
उतरवून घेतो.

काकांना एवढं सगळं कुठं सांगत बसू?
म्हटलं, "आहे एक जुगाड."
सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून
सात फेरे, वरून तार.
थेंब राहिलाच.
खाली बादली ठेवली, निकेशला म्हटलं चल.

"उस्ताद, बर्डीवर भेटला असता ना व्हॉल्व्ह."
भेटला असता.
काका तेच म्हणाले होते, मीच म्हटलं
साइज जमणार नाही.
खोटं बोललो. जमला असता.
तेहतीस वर्षांत एवढा एक हट्ट
गिऱ्हाइकाच्या खर्चानं केला,
हेही त्याच वहीत लिहायला पाहिजे.

रात्री अकराला काकांचा फोन:
"अरे, दोन बादल्या झाल्या!"
"तुळशीला घाला काका."
"दोन बादल्या? तुळशीला?"
"मग कुलरमध्ये टाका."
तिकडे जरा वेळ नुसतंच थेंबाचं
टप. टप.
मग म्हणाले, "किती दिवस राहिले रे त्यांचे?"

मी पेटी उघडली.
पेन्सिल पुसट झाली होती,
बोटानंच मोजलं.
"दोन, काका. आज धरून तीन."


"बरं," म्हणाले.
"मोठी बादली लावतो."