गोडं पाणी

सिंहाचलमने नकाशा पाहून गाव निवडलं होतं.
श्रीकाकुळमकडचा माणूस.
वादळात वाऱ्याने पत्रा नेला, समुद्राने खालचं घर,
आणि नारळ सगळे एकाच अंगाला,
विंचरून ठेवलेल्या केसांसारखे.
त्याने शाळेतला नकाशा मागून घेतला
आणि मधोमध बोट ठेवलं:
इथून कुठूनही समुद्र लांबच.
झिरो माइलच्या खांबापाशी, तो सांगतो,
चप्पल काढून दगडाला हात लावला
आणि विचारलं, पक्कं ना?

बारा वर्षं गल्लीच्या तोंडाशी इडल्या वाफवल्या त्याने.
आम्ही चिडवायचो,
एप्रिलात नळाले पाणी नाई बाप्पा,
तुह्या समुद्राले म्हणा, थोडं पाठव.
तो हसायचा नाही.
चटणी वाढायचा.

मग ती रात्र.
वारा नाही, भोंगा नाही, कुठे बावटा नाही,
असं कसं येतं पाणी, न सांगता?
तो अजून वैतागतो यावर.
तीन वाजता माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर
कुणी आतून ठोकावं तसं वाजलं.
तळघर. नऊ पायऱ्या.
मी पाचवीपर्यंत गेलो.
मशीनचा हिरवा दिवा पाण्याखाली चालू होता,
मग नव्हता.

ज्या नाल्यावरून आम्ही नाक धरून जायचो
तो घराघरांत शिरून भांडी हलवत होता.
एक फ्रीज गल्लीतून उभाच्या उभा गेला,
दारावर कुण्या लेकराने चिकटवलेला मोर.
शालू बोरकुटे गच्चीवरून ओरडत होती,
मेन बंद करा रे, मेन!
काऊन कोणी मेन बंद करून नाई राह्यलं?
पाण्यात एकटा सिंहाचलम.
साडीला साडी जोडून त्याने खांबाला अशी गाठ मारली,
जी आमच्यात कुणालाच येत नाही.
तिला धरून मेश्राम गुरुजी वर आले,
पासबुक दातात.

सकाळी भिंतीवर रेघ, माझ्या छातीएवढी.
खाली चिखल, डिझेलचा वास,
आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.
सिंहाचलम उकिडवा बसला,
बोटभर चिखल घेतला
आणि जिभेला लावला.
ई! गटाराचा हाय तो! शालू किंचाळली.
त्याने थुंकून टाकला
आणि बारा वर्षांत पहिल्यांदा हसला.
मीठ नाही, म्हणाला.
आमच्याकडे तीन वर्षं विहीर खारी,
धान लावलं की पिवळं,
कुलूप, सुई, सायकल, सगळं मिठाने खाल्लं.
तुमचं गोडं पाणी. धुतलं की जातं.

गोडं!
मला त्याला मारावंसं वाटलं.
मशीनचे सात हप्ते बाकी होते.

पण त्यानेच शिकवलं,
ओली कागदं ओढून सोडवायची नाहीत,
बादलीत बुडवायची, पाण्यानेच पाणी सुटतं.
इडलीच्या फडक्यांवर आख्खी गल्ली वाळत पडली:
टीसी, सातबारा, जातीचा दाखला,
कुणाच्या गुडघ्याचा एक्सरे,
लग्नाचा एक फोटो, ज्यातला नवरदेव धुऊन गेला
आणि नवरी एकटीच हार धरून उभी.
तलाठी आले. रेघ मोजली. नाव लिहिलं.
म्हणाले, अर्जाला तीन झेरॉक्स जोडा.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
त्यांनी माझ्या दुकानाच्या पाटीकडे.
मग दोघंही जरा वेळ चिखलाकडे.

पाचव्या दिवशी इडल्या सुरू झाल्या.
मशीन आता वरच्या मजल्यावर, भाड्याचं.
भिंतीला दोनदा रंग मारला,
रेघ ओल धरते, परत वर येते.
विचारलं त्याला, आता नकाशात कुठं बोट ठेवशील?
त्याने पातेलं घासत मान हलवली.

रात्री शटर पाडलं की तो सुतळी काढतो.
मी गाठ मारतो.
तो ओढून पाहतो, सुटते.
पुन्हा, म्हणतो.