बारावा खांब

फाटकाशी निळी पाटी : संरक्षित वास्तू.
परवानगीशिवाय खिळा ठोकू नये.
शद्रख चोपडे त्याच पाटीच्या खिळ्याला
आपली पिशवी अडकवतात,
वीतभर लांब चावी काढतात, म्हणतात,
"दार जरा वर उचलून ढकला साहेब.
लहानपणापासनं असंच आहे ते."

मी महापालिकेचा मोजणीवाला.
टेप, ओळंबा, पेन्सिल आणि नऊ पानांचा तक्ता.
कावळा नाक्यावरचे हॉर्न डोक्यात घेऊन आलो होतो,
उंबरा ओलांडला तसे ते
एकेक करत विझले.

आधी बाहेरून.
काळा दगड, तोंडावर छिन्नीचे खवले तसेच ठेवलेले,
कोपरे मात्र दाढी केल्यासारखे.
भिंतीला जागोजाग दगडी टेकू,
चावडीला पाठ लावून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे वाटतात.
पण नाही, उलट आहे :
चावडीच त्यांना टेकून बसली आहे.

छप्पर इतकं उतरतं की बर्फ सरसर खाली यावा.
आजवर त्यावरून घसरले ते
पतंग, एक वानर,
आणि टेंबलाईच्या बाजूनं येणारा वारा.
नकाशा थंड देशातला.
दक्षिणेची खिडकी मोठी ठेवली, ऊन मिळावं म्हणून.
कोल्हापुरात ऊन मागावं लागत नाही हे कळल्यावर
कुणीतरी बाहेरून लोखंडी झडप बसवली.
तीही आता संरक्षित.

आत कमान, टोकदार.
दोन बाजू एकमेकींच्या अंगावर कोसळताहेत
सव्वाशे वर्षांहून जास्त,
म्हणून उभ्या आहेत.
वर सागवानी कैच्या :
गुऱ्हाळाचा मांडव
कुणी पाच पुरुष उंच उचलून धरावा, तशा.

उत्तरेची भिंत बासष्ट फूट चार इंच.
दक्षिणेची बासष्ट फूट आठ.
पुन्हा टेप लावला. पुन्हा आठ.
"त्या बाजूला बायका बसायच्या," शद्रख म्हणाले,
"कडेवर पोरं घेऊन. जरा ऐसपैस लागतंय."
मी चार इंच तसेच लिहिले.

मग खांब. सहा इकडे, सहा तिकडे.
माथ्यावर दगडी पानं कोरलेली,
आपल्याकडं न उगवणाऱ्या कुठल्या वेलीची,
कागदावर बघून काढलेली, तरी ओली वाटतात.
अकरा खांबांवर.
बाराव्याचा माथा कोरा ठोकळा.
शिडी लावून वर गेलो, धूळ फुंकली :
एक वर्तुळ, त्याचे चार भाग,
आणि कोपऱ्यात एका पानाची
फक्त मधली शीर.

बोट फिरवलं. शेवटचा घाव खोल होता,
घाईचा नव्हता.

पैसे संपले? प्लेग आला? मुकादमाशी वाजलं?
खालून शद्रख म्हणाले,
"आमची दुर्कस आत्या सांगायची,
पाथरवटाला जेवायची हाक आली."
"मग?"
"मग काय. अजून जेवतोय."

तक्त्यात दोषाचे रकाने चार :
तडा. झीज. गळती. वाळवी.
यातलं काहीच नाही.
ओळंबा सोडून बघितला, खांब सरळ.
शेजाऱ्याइतकंच छप्पर त्याच्याही डोक्यावर,
पानांवाचून त्याचं काही अडलेलं नाही.

शिडीवरच कागद गुडघ्यावर घेतला.
अकरा माथे एकसारखे, झरझर उतरवले.
बाराव्यापाशी हात मंद झाला.
वर्तुळ काढलं. चार भाग केले.
मधली शीर ओढली.
पुढची शीर कुठून फुटेल ते दिसत होतं,
अगदी स्पष्ट,
पेन्सिलीला कळलं होतं,
साहेबाला कोण सांगणार होतं?

"उतरा ओ," बाहेरून हाक आली,
"चहा निवतोय."

पेन्सिल त्या ठोकळ्यावर ठेवली
आणि खाली आलो.