आठव्या वर्षाचं मीठ

आंजू, फ्रान्स; राजा होता तेव्हा

मात्युरँ आठ वर्षांचा झाला
हे माझ्याआधी कारकुनाला कळलं.
वहीत बोट ठेवून म्हणाला,
"पेरीन, यंदापासून याचंही मीठ घ्यायचं."

घ्यायचं म्हणजे घ्यायचंच.
हवंय का, कुणी विचारत नाही.
आधी कोंबड्या विकल्या, मग नवऱ्याचे बूट.
तो तर मेलाच होता, पण बूट चांगले होते.

हे मीठ फक्त ताटातलं आणि हंडीतलं.
डुकराच्या मांसाला चोळलंत तर दंड;
मांसाचं मीठ वेगळं, त्याची पावती वेगळी.
शेजारच्या रेनेला विचारा,
तिच्या पिंपात नाक घालून गेले शिपाई.

आमच्या हंडीत कोबी आणि पाणी.
पाणी खारट तरी किती करायचं माणसानं?

पाद्री सांगतात, खाल्ल्या मिठाला जागा.
जागतेय.
रात्र रात्र जागतेय.
नदीपल्याड ब्रतान्यात मीठ मातीमोल,
आणि पोटाला पट्टा बांधून धाडलेली कुत्री
अजून परतली नाही.

मागच्या खेपेला कारकुनानं
तिच्या डोक्यावरून हात फिरवत
वय विचारलं होतं, गमतीत.
मी म्हटलं,
सात.