ट्रंक कॉल

सातमच्या रात्री दांडिया बाजारात
फरसाणवाल्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर आम्ही पाच जण.
चूल आज थंड. कालची थेपली, कालचाच छुंदा,
पंखा मात्र आजचा, कारण काल तो बंद होता.
तीनपत्ती सुटली त्याला चार वर्षं झाली.
हसमुखभाईंचा नातू पोकर शिकवून कॅनडाला गेला:
हातात दोन पानं, टेबलावर पाच,
बाकी सगळं तोंडावर.

तोंडं मला वाचता येतात.
जोडी लागली की हसमुखभाई पायजम्याची नाडी चाचपतात,
मोहिते वकील थापा मारताना गुजरातीत शिरतात,
नलिनच्या गुडघ्यानं टेबलावरची नाणी नाचतात.
दिघेबाई मात्र
पानं उचलतात, पाहतात, ठेवतात.
"आले," म्हणतात.
दहाला आले. पन्नासला आले.
दारावरची बेल वाजल्यावर म्हणावं
तितकंच आले.

तीन श्रावण मी त्यांना घाबरवत होतो.
हातात सत्ती-दुरी, टेबलावर तीन किलवर,
मी घसा खाकरून सगळी रास पुढे लोटली,
श्वास रोखला, भुवई अशी उचलली
की हसमुखभाईंनी हनुमानाचं नाव घेतलं.
"आले."
आणि उलटं काय पडलं, तर चौकीची जोडी!
चौकीची! शहाण्या माणसानं
तिच्यावर चहासुद्धा लावला नसता.

मग कळलं, बाई एकतीस वर्षं
ट्रंक एक्स्चेंजमध्ये होत्या. डाव्या कानाला हेडफोन,
पुढ्यात भोकांची पाटी,
आणि तारेच्या दोन्ही टोकांना खोटं बोलणारी माणसं:
पैसे सोमवारीच पाठवलेत,
आईला आता बरं आहे,
नाही हो, मी एकटाच राहतो इथं.
त्या मध्ये बोलत नसत.
फक्त सांगत, तीन मिनिटं झाली. वाढवायचं?

अशा कानापुढे माझी भुवई काय करणार.

या वर्षी वीजबिलाच्या पाठीवर लिहून नेलं:
एक, गोष्ट सांगायची नाही.
दोन, हात रिकामा तर टाकून द्यायचा, लाजायचं नाही.
तीन, हात भरला तर भाव मागायचा, थोडा थोडा,
त्या देतील.
आणि बाई स्वतःहून वाढल्या,
तर चपला शोधायच्या.

अकरापर्यंत तीनशे चाळीस वर होतो.
कंटाळा म्हणजे किती!
आयुष्यभर विमा विकला मी,
गप्प बसूनही पैसे मिळतात
हे मला कंपनीनं कधी सांगितलं नाही.

मग आले दोन राजे. बदामाचा, इस्पिकचा.
टेबलावर दश्शी, तिरी, नव्वी, पुन्हा तिरी,
शेवटी गुलाम.
मी शंभर सरकवले, साधेच,
मंडईत भेंडीचे द्यावेत तसे.
बाईंचा हात डाव्या कानाकडे गेला.
पदर नव्हता सावरायचा, केस नव्हते मागे घ्यायचे.
नुसता गेला आणि परत आला.
"वाढवायचं?" त्या म्हणाल्या,
कोणाला विचारलं कळलं नाही,
आणि पाचशे पुढे.

खिशात बिल कुरकुरलं.
राजे फार देखणे होते. विशेषतः बदामाचा.
मी ते पालथे घातले.
"શું હતું?" नव्हे, "काय होतं हो?" मोहित्यांनी विचारलं,
चक्क मराठीत, म्हणजे मनापासून.
बाईंनी आपली पानं गड्डीत मिसळली,
गड्डी नलिनला पिसायला दिली
आणि थेपल्याचा तुकडा मोडला.

घरी जाताना सूरसागरपाशी स्कूटर थांबवली.
तिरी असेल. दश्शीची जोडी असेल.
नसेलही काही.
बिलाच्या पाठीवर, पुढच्या सातमसाठी,
पाचवी ओळ लिहिली: कान.
मग खोडली.
मग माझा हात डाव्या कानाला लावून
बराच वेळ तिथे उभा राहिलो.
पलीकडे कोणीतरी होतं.
बोलत नव्हतं.