एकेरी

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तो रोज हेल्तेरमाचं तिकीट काढतो. एकेरी.
नाव प्रोवी रेइसिया, म्हणजे नुसताच चाचणीचा प्रवासी.
जन्म एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
गाडी साडेचार मीटर, नंबरप्लेटवर सगळी शून्यं.
दोनशे चौदा रात्री, दोनशे चौदा तिकिटं,
आणि अजून त्यानं समुद्र पाहिलेला नाही.
समुद्रच काय, पडदाही नाही.
ज्या ब्राउझरात तो राहतो
त्याला डोकंच नसतं.
मुंडकं नसलेलं धड टालिनच्या एका तळघरात
अंधारात पान उघडतं, अंधारात मिटतं.

वीसेक ओळींत मी त्याला घडवला.
पान उघड. बटण दिसेपर्यंत थांब.
तीस सेकंद वाट पाहा,
मग वाट पाहणं सोड आणि मला उठव.
जावास्क्रिप्टमध्ये कामाच्या आधी वचन मिळतं.
ते पुरं होतं, किंवा मोडतं,
किंवा मधल्यामधे लोंबकळत राहतं.
(माणसांसारखंच, असं लिहायचा मोह होतो. लिहीत नाही.)

सकाळी कॉफीबरोबर एकच ओळ यायची:
एकेचाळीस चाचण्या, एकेचाळीस हिरव्या.

नोव्हेंबरात रोहुक्युलाच्या धक्क्यावरून हेल्वेचा फोन.
एकोणतीस वर्षं तिनं खिडकीतून तिकिटं दिली.
आमचं पान आलं तेव्हा खिडकीला फळी ठोकली,
आता ती तिथंच कॅफेत मटाराचं सूप वाढते.
"लेलो, तुझं बटण मेलंय."
"हिरवं आहे," मी म्हणाले.
"असेल हिरवं. मेलंय.
चौदा गाड्या उभ्यात इथं, आणि म्हातारा एन्डेल
वीस मिनिटं फोनवर बोट आपटतोय."

बोट धक्क्याला लागली होती,
बोट बटणाला लागत नव्हतं.

दीड तास गाडी हाकली. पोचले तोवर
बोट गेली होती. एन्डेल गेला नव्हता.
त्यानं न बोलता फोन माझ्या हातात दिला;
काच गरम, तिला धुरावलेल्या माशांचा वास.
कुकीजची परवानगी मागणारी पट्टी केव्हाच मिटली होती,
पण तिचा एक पापुद्रा बटणावर तसाच पसरलेला.
डोळ्याला दिसत नव्हता.
बोटाला अडवत होता.

माझा प्रवासी बटणापर्यंत कधी गेलाच नव्हता.
घाईत मीच त्याला मागचं दार दाखवलं होतं:
दाबू नकोस,
नुसतं बटणाच्या कानात सांग की तू दाबलं गेलंस.
आणि बटण बिचारं
दोनशे चौदा वेळा हो म्हणालं.

त्या रात्री कॅफे बंद झाल्यावरही आम्ही आत होतो.
हेल्वे बशा पुसत सांगत गेली, मी टाइप करत गेले.
आधी आडनाव टाकतात. मग खोडतात.
दाबलं की नाही कळत नाही, म्हणून दोनदा दाबतात.
नंबरप्लेट कुणाला पाठ नसते,
बाहेर जाऊन, वाकून, बर्फ पुसून बघून येतात.

मग मी उंदराला पडद्यावरून चालवत नेलं,
जिथं खरं बोट पडेल तिथं.
दर अक्षरामागे थोडा विलंब,
एक अक्षर चुकीचं, ते पुसायला लावलं.
चार मिनिटं त्याला बर्फात पाठवलं.
परत आला तर पान त्याला ओळखेना.

दोन दहा. एकेचाळीसपैकी तीन लाल.
सात महिन्यांत पहिल्यांदा त्यानं मला काही सांगितलं.

बाहेर एन्डेलच्या गाडीच्या काचा धुकटल्या होत्या,
आत तो पहाटेच्या बोटीसाठी झोपलेला.
हेल्वेनं माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं,
फडकं पिळलं.
"हीउमावर ह्याचं कोण असतं?"
"कुणी नाही."
"मग रोज जातो तो परत कसा येतो?"

मी फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली.
परतीच्या बटणाला
आजवर कुणी हात लावलेला नव्हता.