नाण्याची फट

पेटी मीच ठोकली.
फळ्या पाजपंढरीत मोडीत काढलेल्या एका होडीच्या,
खिळ्यांच्या भोकांना अजून डांबराचा वास.
आत काडेपेटीएवढा बोर्ड,
त्यात दोन हजार चारशे गेम.
दापोली, खेड, हर्णै धरून आमच्या वेळी
तीसही नव्हते.

दिवसा मी लाँचवरचे फिश फाइंडर दुरुस्त करतो.
पडद्यावर मासळीचे ठिपके उमटले की बिल लावतो.
रात्री त्याच सोल्डरिंग गनने
बटणं जोडली. सहा लाल, एक पिवळं.
पिवळं नाण्याचं.
दाबलं की क्रेडिट वाढतं,
एक, दोन, नऊ, सत्तेचाळीस,
थांबतच नाही.

खरं सांगतो, पहिल्या रात्री मी
नुसतं तेच दाबत बसलो.
शहाण्णव साली एका रुपयासाठी
लिलावात सांडलेली कोळंबी वेचलीय मी,
टोपल्यांमधून वाकून, बायकांच्या शिव्या खात.
मुठीत घामेजलेला तो रुपया
तीन मिनिटं टिकायचा. चांगला दिवस असला तर चार.

मग खेळलो. तर मजा येईना.
विमान फुटलं की एक बटण, मागे,
फुटायच्या आधीच्या क्षणात.
पुन्हा फुटलं, पुन्हा मागे.
चार रात्रींत शेवट गाठला,
ज्याच्यासाठी आमची अख्खी सातवी-आठवी गेली,
आणि हिराजी पावसे आईची शपथ घेऊन सांगायचा
की शेवटी एक बोट येते, सोन्याची.
बोट नव्हती.
जपानी नावं होती, वर सरकत जाणारी.

रविवारी शरफूचाचांना रिक्षात घालून आणलं.
परकार व्हिडिओ गेम, स्टँडच्या मागे, वर पत्रे.
आता मोतीबिंदू, एकाच डोळ्याचा काढलाय.
त्यांनी पेटीवरून हात फिरवला,
पुढून, खाली, गुडघ्याच्या उंचीला,
जिथे कुलूप असायचं.
"फट कुठाय रे?"
"फुकट आहे, चाचा."
ते गप्प. कुणाच्या घरी चहात साखर नसावी
आणि बोलता येऊ नये, तसे.

"खेळा ना."
"मी? मी नाय खेळलो कधी."
सतरा वर्षं, सहा मशिनं, आणि एकदाही नाही?
"मग गल्ल्यावर कोण, तुझा बाप बसणार होता?"

म्हणून मी खेळलो. ते खिडकीकडे तोंड करून बसले,
किल्ल्याकडे, जो त्यांना दिसत नव्हता.
थोड्या वेळाने म्हणाले,
"आता वरून दोन येतील."
आली.
"डावीकडे राहा. राहा. हां, आता सोड."
सोडलं. पूल उडाला.
पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, सहाही मशिनं बोंबलत असताना
या माणसाला गल्ल्यावरून कळायचं
कोण कुठे पोचलंय.
"इथे हिराजी मरायचा. दर वेळी इथेच.
मग लाथ घालायचा मशिनला,
आणि मी त्याच्या नावाने ओरडायचो."

त्याच जागी मी मेलो.
हात मागे जायच्या बटणावर गेला.
"थांब," म्हणाले. "ते दहा मोजतं ना?"
मोजतं.
"मोजू दे. तेवढ्यातच माझा धंदा होता.
पोरं खिसे चाचपायची, आपले, दुसऱ्याचे.
एकाने बुटात हात घातलेला.
खेळताना कुणाची तोंडं बघितली नाही मी,
ह्या दहात बघितली."

सहा. पाच.
चाचांनी सदऱ्याच्या खिशातून रुपया काढला,
नवा, बारका, आमच्यापेक्षा हलका,
आणि चाचपत पेटीच्या डोक्यावर
टकदिशी ठेवला.
तीन.
मी पिवळं दाबलं.
एकदाच.

सोमवारी ड्रिल घेऊन बसलो.
होडीचं लाकूड, दोन बिट मोडले.
फट जरा तिरकी आलीय,
आणि आत डबा बसवायचा राहिलाय अजून,
त्यामुळे नाणं टाकलं की ते सरळ जमिनीवर पडतं
आणि लोळत लोळत
कॉटखाली जातं.