प्रत चौथी

सोहारमध्ये नगरपालिकेने दिलेली जागा:
दोन इमारतींमधली पट्टी, लांबी साठ मीटर,
पूर्वी तिथे गाड्या उभ्या राहत.
मी चाळीस वाफे आखले, सगळे सारखे,
मध्ये पायवाट, कडेला बाक,
आणि संगणकाला सांगितलं, हिरवं भर.
त्याने भरलं. लगेच.

खलफान बिन रशीद चष्मा कपाळावर चढवून
बराच वेळ कागद बघत राहिले.
मग बोट ठेवलं पश्चिमेच्या भिंतीवर:
"ही रात्री दहापर्यंत तापलेली असते.
इथला वाफा कोणाला देणार?
ज्याच्याशी तुझं वैर आहे त्याला?"

दुसऱ्या प्रतीत भिंतीवर वेल चढवले.
तिसरीत पाणी सापडलं.
उन्हाळाभर चार मजल्यांचे एसी ठिबकतात,
गच्चीवर बादली लावून मोजलं,
एका यंत्राचं दिवसाला सतरा लिटर.
मीठ नाही, बिल नाही.

पण पाणी आलं की मागोमाग भांडण येतं.
पहिलं कोणाचं?
रात्रपाळीहून येणाऱ्या शायनी नर्सचं?
मुलूखियासाठी अडून बसलेल्या मिसरी मास्तरांचं?
की मोतालेबचं, ज्याने पुईचं बी
पासपोर्टच्या पाकिटातून आणलंय
आणि अजून कोणाला दाखवलेलं नाही?

खलफान म्हणाले, आमच्या फलजवर
दिवसा काठीची सावली मोजत,
रात्री तारे.
मी म्हटलं, आमच्या पांझरेवर फड होते.
माझा मामा पाटकरी.
सख्ख्या भावालाही वेळेआधी बारं उघडून देत नसे,
म्हणून दिवाळीला त्याला कोणी बोलवत नसे.
ते खूप हसले. "पातकरी," दोनदा म्हणून पाहिलं,
ट काही जमेना.

म्हणून चौथ्या प्रतीत मधोमध एक काठी आहे.
अभियंता विचारतो, हा दिव्याचा खांब का?
टायमर बसवा, स्वस्त पडेल.
पडेल.
पण टायमरशी हुज्जत कशी घालणार,
आणि हुज्जत न घालता
शेजाऱ्याचं नाव कसं कळणार?

मंजुरी अजून यायची आहे.
काल संध्याकाळी टेप घेऊन गेले,
तर माझ्या रेषेच्या हातभर बाहेर,
गटाराच्या झाकणापाशी, जिथे एक एसी गळतो,
कोणीतरी अळूचा कंद पुरलाय.
दोन पानं. एकावर थेंब,
धड टिकत नाही, धड पडत नाही.

आज पाचवी प्रत उघडली.
त्या कोपऱ्यात कुंपणाची रेषा
जरा वाकडी काढली.